पट्टीमागची नऊ भोकं

दारावरची चकचकीत पट्टी उतरवली की जुन्या गाडीचं खरं वय समोर येतं. आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या डाव्या अंगाची पट्टी मी पहिल्यांदा काढली, तेव्हा पुढच्या मडगार्डपासून मागच्या दारापर्यंत ओळीनं नऊ भोकं दिसली. करंगळीच्या नखाएवढी एकेक. पट्टीच्या आडोशाला मूळचा फिकट निळा रंग तसाच राहिला होता. बाहेर मात्र मधल्या काळात दोनदा रंग चढलेला. आणि त्या निळ्या रेघेवर प्रत्येक भोकाभोवती गंजाचं कडं. पाचव्या भोकात तर क्लिपच उरली नव्हती. बोट लावलं तशी तपकिरी भुकटी हाताला आली आणि गोल भोक लांबट झालेलं दिसलं.

पट्टी परत बसवायची नव्हती. ती तीन ठिकाणी वाकली होती, एका टोकाला तुटली होती आणि तिची जोडीदार कुठे मिळत नव्हती. म्हणजे भोकं बुजवायची. डेंटिंगच्या धंद्यात याचं ठरलेलं उत्तर आहे: वेल्डिंग मारा, घासा, पुट्टी ओढा, रंग मारा. पण वेल्डिंग न करताही असं भोक पक्कं बुजवता येतं, आणि पुष्कळदा तेच पत्र्याच्या हिताचं असतं. अट एकच. भोकाला दोन बाजू असतात, ही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोक्यातून जाऊ द्यायची नाही.

पत्र्याची एवढी काळजी का, हेही सांगायला हवं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ही गाडी बनायची. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७०च्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावर दिसेनाशी झाली. ज्या गाड्या उरल्या त्या घरोघरच्या, हौसेनं सांभाळलेल्या. त्यांना नवीन दार, नवीन मडगार्ड कुठून येणार? कारखान्याच्या साच्यातून निघालेला तो पत्रा हाच शेवटचा. वितळवून, वाकवून, घासून एकदा बिघडवला की बदली नाही.

आता ही भोकं गंजतात कशी ते पाहू. पट्टी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बिडिंग, पत्र्यावर थेट चिकटवलेली नसते. पत्र्यात ठरावीक अंतरावर भोकं असतात, त्यात स्प्रिंगसारख्या क्लिपा दाबून बसतात आणि पट्टी त्या क्लिपांवर अडकते. बॉनेटवरचं किंवा डिकीवरचं मोनोग्राम असंच, मागे खिळ्यांसारखे दांडे असलेलं. इथे तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, भोकाची कड धारदार असते आणि ओला रंग धारेवरून मागे सरकतो, त्यामुळे कडेवर रंगाचा थर मुळातच पातळ. दुसरी, क्लिप त्याच कडेवर वर्षानुवर्षं थरथरत राहते आणि तो पातळ थरही खरवडते. तिसरी, पट्टीच्या मागे चिखल आणि पाणी अडकून राहतं. गाडी बाहेरून दोन तासांत वाळते, पट्टीमागे ओल दिवसभर असते.

मुंबईत आणि कोकणात त्या ओलीत मीठही असतं. खारट पाण्यातून वीज सहज वाहते. वर क्रोमची किंवा स्टेनलेसची पट्टी, खाली साधं पोलाद आणि मध्ये खारं पाणी, ही एक छोटी बॅटरीच झाली. तिच्यात झिजायची पाळी लोखंडाची येते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, कधी सहापटीपर्यंत. म्हणून तो कडेखाली घुसून रंग उचलतो, उचललेल्या रंगाखाली आणखी पाणी शिरतं आणि कडं रुंदावत जातं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा एकेका पावसाळ्यात ते कितीसं वाढत असेल याचा अंदाज माझ्या पाचव्या भोकावरून यावा.

वेल्डिंगला माझा विरोध नाही. खालच्या पट्ट्याला, चासीला, दाराच्या खांबाला गाडीचा भार आणि माणसांचा जीव सांभाळायचा असतो. तिथे वेल्डिंगच हवं, दुसरं काही चालणार नाही. पण दाराचा बाहेरचा पत्रा भार घेत नाही, तो फक्त आकार धरतो. त्याची जाडी असते एक मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. पोलाद दर अंशाला लांबीच्या एक लाखाव्या भागाहून थोडं जास्त वाढतं. ऐकायला नगण्य वाटतं, पण हिशेब करून बघा: १० सेंटिमीटरचा भाग ७०० अंशांनी तापला तर ०.८ मिलिमीटरहून अधिक वाढू पाहतो. भोवतालचा पत्रा मात्र थंड असतो आणि तो वाढू देत नाही. मग तापलेला भाग जागच्या जागी चेपतो, जाड होतो आणि निवताना आखडून भोवतालच्या पत्र्याला आपल्याकडे ओढतो. दाराचा सपाट, हलका फुगीर पृष्ठभाग असा ओढला गेला की बोटानं दाबल्यावर तेलाच्या डब्यासारखा टपकन आत जातो आणि टपकन बाहेर येतो. एक भोक बुजवलं आणि हातभर पत्रा बिघडला. कसबी वेल्डर एक टिपका मारून थांबतो, निवू देतो, मग दुसरा मारतो, आणि नंतर हातोडी आणि मागे धरलेल्या लोखंडी डॉलीनं ताण काढतो. तसा हात लाभला तर जरूर करून घ्यावं. तो नसताना नऊ भोकांवर नऊ प्रयोग करू नयेत. शिवाय दाराच्या आत रेक्झिनचं पॅड, वायरी, जुनं डांबरी लुकण. मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी. वेल्डिंगची ठिणगी यातलं काहीही पेटवू शकते.

वेल्डिंग टाळायचं म्हटल्यावर सगळ्यात सोपा वाटणारा रस्ता पुट्टीचा. त्या रस्त्यानं मी एकदा गेलो आहे. उजव्या बाजूची भोकं मी त्याआधी एका गॅरेजात बुजवून घेतली होती. त्यांनी भोकांवर सरळ पुट्टी दाबली, घासली, रंग मारला. गाडी हातात आली तेव्हा भोकं कुठे होती हे मलाही सांगता आलं नसतं. दिवाळीपर्यंत छान राहिली. पुढचा पावसाळा संपता संपता त्याच ओळीत, त्याच अंतरावर, पैशाएवढे फुगे आले. एक फुगा नखानं उचलला तर पुट्टीची आख्खी चकती निघून आली, आणि तिची मागची बाजू ओली होती.

तिथे काय घडलं ते मला नंतर समजलं. बॉडीवर्कची पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवलेली बारीक पूड, बहुतेक वेळा शंखजिऱ्याची. त्यात साधारण दोन टक्के हार्डनर मिसळला की ती तापते आणि मिनिटांत कडक होते. वापरायला फार सोयीची. पण तिच्यात सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती ओल शोषते. पुढून तिच्यावर प्रायमर आणि रंगाचं पांघरूण असतं; मागून, भोकातून, ती दाराच्या पोकळीला उघडी असते. आणि दाराची पोकळी कोरडी नसतेच. काचेच्या फटीतून प्रत्येक पावसात पाणी आत उतरतं, तळाच्या भोकांतून निघून जातं, ही गाडीची रचनाच आहे. म्हणजे माझी पुट्टी मागून पाणी पीत होती आणि ते पाणी कडेच्या उघड्या लोखंडाला पाजत होती. वरून रंग कितीही भारी मारला असता तरी फरक पडला नसता.

पुट्टी वाईट नाही, तिच्यावर चुकीचं काम टाकलं गेलं. ती पृष्ठभागावरचा उंचसखलपणा भरण्यासाठी आहे, एक-दोन मिलिमीटर थरासाठी. भोक आधी दुसऱ्या कशानं तरी बंद झालं पाहिजे, दोन्ही बाजूंनी पाणीबंद. ते दुसरं काय, याची जी उत्तरं आहेत त्यांतलं सर्वात जुनं आपल्या स्वयंपाकघरातून आलेलं आहे असं म्हटलं तर चालेल.

कल्हईवाला आठवा. भाता लावून पेटवलेला कोळसा, त्यावर तापलेलं पातेलं. तो नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्यानं एका फिरकीत सगळं पातेलं चांदीसारखं करून टाकतो. नवसागर तापला की धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो आणि खालचा स्वच्छ धातू उघडा पडतो; कथील त्या स्वच्छ धातूला नुसतं चिकटत नाही, त्याच्याशी मिसळून मधे एक नवा पातळ थर तयार करतं. म्हणून कल्हई पोपड्यासारखी सुटत नाही, झिजत जाते. पोलादावरही कथील असंच धरतं. गाडीच्या पत्र्याला डाख देणं म्हणजे आधी कल्हई आणि मग तिच्यावर भराव, दुसरं काही नाही.

भरावासाठी नुसतं कथील वापरत नाहीत. कथील वितळतं २३२ अंशांना, शिसं ३२७ ला. दोन्ही एकत्र केली की मिश्रण १८३ अंशांनाच पाझरू लागतं, दोघांपेक्षाही आधी. आणि शिसं ७० भाग, कथील ३० भाग असं घेतलं तर एक फार उपयोगी गुण येतो. १८३ अंशांपासून साधारण २५५ अंशांपर्यंत ते ना घट्ट असतं ना पातळ. लोण्यासारखं असतं. उभ्या दारावर लाकडी थापीनं दाबून बसवता येतं, ओघळत नाही. रंगकामाची आधुनिक पुट्टी यायच्या आधी जगभरच्या कारखान्यांत छताचे आणि मागच्या खांबांचे सांधे असेच भरत. तुमच्या जुन्या गाडीचा रंग उतरवताना कुठे करडा, मऊ, ओरखडा उठणारा धातू दिसला तर तो बहुधा हाच, आणि तो खणून काढायचं काही कारण नाही.

याच शिशाच्या भरावावर अमेरिकेत एक आख्खी कला उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी १९४९ ते ५१ च्या मर्क्युरी गाड्यांवरची चिन्हं, मुठी, पट्ट्या काढल्या, भोकं शिशानं भरली आणि गाडी एका सलग वळणाची करून टाकली. अशा गाड्यांना तिकडे लेड स्लेड म्हणतात, शिशाची घसरगाडी. बॅरिस बंधूंनी बॉब हिरोहाता या तरुणासाठी केलेली १९५१ ची मर्क्युरी आजही त्या कलेचा नमुना मानली जाते. १९५०च्या दशकात पॉलिएस्टर पुट्टी आली आणि शिसं मागे पडलं. त्याचं एक कारण शिशाचं विष, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पाचवं भोक मी डाखानं बुजवलं, एका वयस्कर मिस्त्रींच्या देखरेखीखाली. त्यांनी आयुष्याचा पूर्वार्ध रेडिएटर डाखण्यात घालवला होता. आधी दाराचं पॅड काढलं, आतला प्लास्टिकचा कागद सोडवला, मागून हात पोचतो याची खात्री केली. मग भोकाभोवतीचा चार बोटं पत्रा दोन्ही बाजूंनी इतका घासला की लोखंड पांढरं दिसू लागलं. गंजाचे काळे टिपके खड्ड्यांत उरतात. ते टोकदार तारेनं एकेक करून काढले. “काळं राहिलं तिथं धरणार नाही,” मिस्त्री म्हणाले, “भांड्याला राहत नाही तसंच.” गोल टोकाच्या पंचानं भोकाची कड हलकेच ठोकून एखाद मिलिमीटर आत बसवली, वाटीच्या काठासारखी. हे महत्त्वाचं आहे. कड सपाट ठेवली तर घासताना भराव कडेवर कागदासारखा पातळ होतो आणि तिथेच तडकतो. वाटी केली की भरावाला बसायला जागा मिळते.

भोक मोठं होतं, त्यामुळे डाख नुसता टेकवला असता तर पलीकडे गळून गेला असता. पत्र्याचीच एक गोल टिकली कापून भोकात बसवली आणि मागून अ‍ॅल्युमिनियमचा जाड तुकडा दाबून धरला. मी तांब्याचा तुकडा पुढे केला होता, वेल्डिंगवाले मागे तांबं धरतात हे पाहून. मिस्त्रींनी तो बाजूला ठेवला. तांब्यावर तर कथील आनंदानं बसतं, कल्हई त्याच्यावरच होते. तुकडा दाराला कायमचा डाखला गेला असता. अ‍ॅल्युमिनियमला साध्या डाखाचं कथील धरत नाही.

मग आच. निळी, तिखट ज्योत नाही. ब्लो-लॅम्पची मऊ ज्योत, सतत हलती, एका जागी कधीच न थांबणारी. आम्ही नवसागराऐवजी जस्त विरवलेलं आम्ल वापरलं, पत्र्याचे डबे डाखणारे वापरतात तेच. ते लावून, तापवून कथलाची पूड फिरवली आणि सुती फडक्यानं पुसली. राखाडी पत्र्यावर एकदम आरसा उमटला. त्यात एक काळं बेट राहिलं होतं, तिथे पुन्हा आम्ल, पुन्हा आच. आरसा सलग झाल्यावर ज्योत लांब नेली, डाखाची कांडी टेकवली आणि मेण लावलेल्या लाकडी थापीनं तो लोण्यासारखा गोळा दाबत गेलो. मिस्त्रींचं लक्ष डाखावर नव्हतं, भोवतालच्या पत्र्याच्या रंगावर होतं. पोलाद सव्वादोनशे अंशांच्या पुढे पिवळसर पडू लागतं, तीनशेच्या आसपास निळं. “निळा दिसला की समजा गरजेपेक्षा जास्त तापवलं.” निळा पडला नाही. आधीचाच हिशेब इथे लावला तर १० सेंटिमीटरला पाव मिलिमीटरच्या आसपास वाढ, वेल्डिंगच्या एक तृतीयांश, आणि एवढ्या आचेला पोलाद मऊ पडत नसल्यानं निवल्यावर ते आपल्या जागी परत येतं. दार निवल्यावर बोटानं दाबून पाहिलं. टपटप नाही.

शेवटचा भाग कंटाळवाणा आहे आणि तिथेच बहुतेक डाख फसतात. आम्ल उरलं तर ते रंगाखाली बसून काम करत राहतं आणि सहा महिन्यांनी फोड येतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, मग साध्या पाण्यानं, मग गरम हवेनं वाळवायचं, मग पुन्हा एकदा तेच सगळं. भराव कानशीनं उतरवायचा, मशीननं कधीच नाही. कानशीचे किस जड असतात, खाली कागदावर पडतात आणि उचलता येतात. मशीन शिशाची धूळ हवेत उडवतं, आणि ती फुप्फुसात गेली की रक्तात जाते. मुलांच्या मेंदूला शिसं सर्वात घातक, म्हणून हे काम घराच्या अंगणात लहान मुलं फिरत असताना करायचं नाही. मास्क, हातमोजे, नंतर साबणानं हात, कपडे वेगळे. ज्यांना शिसं नकोच त्यांच्यासाठी बिनशिशाचा डाखही मिळतो. त्याची लोण्याची अवस्था आखूड असते, हात जरा चपळ लागतो.

बाकीची आठ भोकं मात्र मी डाखली नाहीत. ती बारीक होती, कडा शाबूत होत्या आणि आच लावायचं काही कारण नव्हतं. त्यांना मी मागून ठिगळ चिकटवलं.

चिकटवलेल्या धातूवर आपला विश्वास लवकर बसत नाही. पण १९४१ मध्ये इंग्लंडात डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रॉइन यांनी धातूला धातू चिकटवणारा रेडक्स नावाचा पदार्थ काढला आणि तो पुढे डी हॅविलंडच्या हॉर्नेट विमानात वापरला गेला. १९४६ मध्ये अ‍ॅराल्डाइट बाजारात आलं, ते तर आपल्या घराघरांत तुटक्या कपाच्या कानापर्यंत पोचलं. १९९६ च्या लोटस एलिस या गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडाच इपॉक्सीनं चिकटवलेला आहे. विमान आणि चासी जर चिकट पदार्थावर उभी राहतात, तर दारावरची टिकली राहायला हरकत नाही.

फक्त चिकटवलेला सांधा कोणत्या दिशेनं ओढला जातो याला फार महत्त्व आहे. भिंतीवरचं पोस्टर आठवा. ते पृष्ठभागाला समांतर खाली सरकवायचा प्रयत्न केला तर हलत नाही, कारण सगळा पृष्ठभाग एकाच वेळी विरोध करतो. कोपऱ्याला नख लावून सोललं तर सहज निघतं, कारण त्या क्षणी फक्त एका रेषेवर सगळा जोर येतो. एलिसच्या सांगाड्यात म्हणूनच डिंकाच्या जोडीला मोक्याच्या ठिकाणी स्क्रू आहेत, सोलणं रोखण्यासाठी. आपल्या ठिगळाला बाहेरून कुणी ओढत नाही, पण दार आपटतं, पत्रा थरथरतो. म्हणून ठिगळ भोकापेक्षा बरंच मोठं घ्यायचं, निदान तिप्पट रुंदीचं, कोपरे गोल केलेलं, आणि पत्र्याच्या वळणाला हातानं वाकवून जुळवलेलं. ताठ ठिगळ दाबून बसवलं तर ते आयुष्यभर स्वतःला सोडवून घ्यायचा प्रयत्न करत राहतं.

पृष्ठभाग दोन्हींचा स्वच्छ, उघडा आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरखरीत केलेला हवा. चिकट थर पूर्ण पिळून काढायचा नाही. पाव मिलिमीटर तरी मध्ये राहिला पाहिजे, नाहीतर सांधा उपाशी राहतो. आणि पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी इथे घेऊ नये. ते ५०-६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा ७० अंशांपर्यंत जाऊ शकतो. बॉडी पॅनेलसाठीचं, एक दिवस वेळ घेणारं घ्यावं. तो एक दिवस द्यावा.

मागून हात न पोचणाऱ्या दोन भोकांनी मला बराच वेळ विचार करायला लावलं. शेवटी पत्र्याची भोकाहून किंचित अरुंद, पण इंचभर लांब पट्टी कापली, तिच्या मध्यातून बारीक तार ओवली, पट्टीच्या दोन्ही टोकांना चिकट पदार्थ लावला आणि ती उभी करून भोकातून आत सरकवली. आत गेल्यावर तार ओढली, पट्टी आडवी झाली आणि मागून पत्र्याला भिडली. तार बाहेर एका पेन्सिलीला पीळ देऊन ताणून ठेवली. दुसऱ्या दिवशी तार कापली. उरलेल्या फटी त्याच इपॉक्सीनं भरल्या.

काचतंतू मिसळलेली पुट्टीही मिळते. ती साध्या पुट्टीपेक्षा चिवट असते, पाणी फारसं पीत नाही आणि ठिगळावरच्या वाटीत पहिला थर म्हणून उत्तम. एकट्यानं भोक बंद करायचं काम तिच्यावर सोपवणारे लोक आहेत. मी सोपवत नाही. रिव्हेट मारून भोक बंद करायचा सल्लाही सर्रास मिळतो. अ‍ॅल्युमिनियमचं रिव्हेट पोलादात म्हणजे पुन्हा दोन धातू आणि मध्ये खारं पाणी. जिथून सुटका करून घ्यायची तिथेच परत.

एक त्रास मात्र कोणत्याही पद्धतीत पुरता टळत नाही. प्रत्येक पदार्थ उन्हात आपापल्या मापानं वाढतो. पोलाद १२ वाढतं तिथे शिसं २९ वाढतं, इपॉक्सी त्याहूनही कितीतरी जास्त. म्हणून भर दुपारी, तिरप्या उजेडात, चकचकीत गडद रंगाखाली भोकाची गोल रेघ पुसट दिसू शकते आणि संध्याकाळी नाहीशी होते. भराव जितका कमी तितकी ती रेघ फिकी. यासाठीच वाटी उथळ आणि ठिगळ मागे. पुट्टीच्या आधी उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, मग पुन्हा प्रायमर, असा क्रम ठेवला तर पुट्टी लोखंडाला थेट शिवतच नाही. आणि मागच्या बाजूला तोच प्रायमर, वर पोकळीत फवारायचं मेण. ही मागची बाजू दुकानदार कधी दाखवणार नाही आणि गिऱ्हाईक कधी बघणार नाही. भोकाचं पुढचं वीस वर्षांचं आयुष्य तिथेच ठरतं.

बुजवण्याआधी मी आणखी एक केलं, आणि ते सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. दारावर ट्रेसिंग पेपर चिकटवून भोकांच्या जागा, दाराच्या कडेपासूनचं अंतर, पट्टीची रुंदी, सगळं पेन्सिलीनं उतरवून घेतलं. उद्या कुणाला तशी पट्टी मिळाली तर? ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फिवानं, २०१२ मध्ये मंजूर केलेल्या तुरीन सनदेचा आग्रह हाच आहे की दुरुस्तीनं वाहनाचा इतिहास पुसू नये. आपल्याकडेही २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले: ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी. अशा गाड्यांना व्हीए अशी नंबरांची वेगळी मालिका मिळते. १९७४ ची पद्मिनी आता त्या वयाला पोचली आहे. पुढच्या मालकाच्या हाती गाडीबरोबर तो कागदही जावा. ठिगळ आणि डाख दोन्ही उद्या काढता येतात, हा त्यांचा वेल्डिंगपेक्षा मला सर्वात मोलाचा वाटणारा गुण. आच दिली की डाख उतरतो, तापवलं की इपॉक्सी सुटतं, आणि खाली कुर्ल्याचा पत्रा जवळपास होता तसा मिळतो.

भोकं बुजवण्याच्या भरात एक चूक होते, ती इथे सांगतो. दाराच्या तळाला, खालच्या पट्ट्याला, डिकीच्या कोपऱ्यात जी भोकं असतात ती पट्टीची नाहीत. ती पाणी निघून जायची वाट आहे. ती मुळीच बंद करायची नाहीत. उलट तारेनं साफ करायची.

रंग वाळल्यावर, दाराचं पॅड लावण्याआधी, मी तांब्याभर पाणी काचेच्या फटीतून आत ओतलं. आत टॉर्च धरला. पाणी पत्र्याच्या आतल्या अंगावरून पसरत आलं, पहिल्या ठिगळाच्या गोल कोपऱ्यापाशी दुभंगलं, मेणावरून थेंब थेंब होऊन घसरलं. पाचव्या भोकाच्या डाखाभोवतीही तसंच. क्षणभर काही झालं नाही. मग तळाच्या तीन भोकांतून आधी मातकट आणि मग स्वच्छ पाण्याच्या तीन धारा जमिनीवर पडू लागल्या. बाहेरून दारावर हात फिरवला. कोरडं होतं.